टाकी भरेपर्यंत

पेट्रोल पुन्हा नरसाळ्यात तुंबलं. बब्रुवाननं कॅन सरळ केला आणि थांबला. टाकीनं आतून एक मोठा बुडबुडा सोडला, मग घोटभर पेट्रोल पोटात घेतलं. एवढीशी टाकी आणि केवढे तिचे नखरे! शेजारच्या होड्या केव्हाच पाण्यावर गेल्या होत्या.

नळदुर्गजवळच्या त्या धरणावर धुकं अजून उठलं नव्हतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, काही कळत नव्हतं. पुढं गेलेल्या होड्या मधेच कुठंतरी तरंगत होत्या, आणि हायवेवरच्या ट्रकांचा आवाज झोपेत ऐकू यावा तसा येत होता. गायत्री, त्याची बायको, नरसाळं धरून डोळे मिटून बसली होती. तिची झोप झाली नसेल, असं त्याला वाटलं.

"बब्रुवान, हवेची नळी तुंबली आसंल," शेवटच्या होडीतून फकीरभाई ओरडले. "आतली हवा भाईर आल्याबिगर पेट्रोल आत कसं जाईल? तार घाल की लेका!"

"बघतो भाई," बब्रुवान म्हणाला. हे तो रोजच म्हणायचा.

खरं तर त्यानं कधीच बघितलं होतं. टाकीतली हवा बाहेर सोडणारी नळी होडीच्या मागल्या अंगाला उघडायची. एका दुपारी तो तार घेऊन तिथं वाकला, तर नळीचं तोंड ओल्या मातीनं लिंपलेलं. दोऱ्याएवढ्या कमरेची कुंभारीणमाशी मातीची गोळी तोंडात धरून आली, जराशी घुटमळली आणि पुन्हा कामाला लागली. बब्रुवानचा हात जागीच थांबला.

त्याच्या आईची, सारजाबाईची, पक्की समजूत होती. कुंभारीण घरात माती लावायला लागली की त्या घरात पाळणा हलतो. तिचं घरटं मोडलं की येणारा पाळणा माघारी जातो. बब्रुवान एरवी या गोष्टीला हसला असता. पण गायत्रीला दोनदा दिवस गेले होते, आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी तिनं हौसेनं शिवलेलं टोपडं कुठं ठेवून दिलं, ते विचारायचा त्याला धीर झाला नाही. तेव्हापासून घरात लेकराचा विषय कुणी काढत नव्हतं. होडी म्हणजे तरी काय, आपलं घरच की, असं त्यानं स्वतःला समजावलं. स्वतःचंच त्याला हसू आलं, पण तार खिशात गेली ती गेलीच.

गायत्रीला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. तिला पुन्हा आस लावायची आणि पुन्हा ती तुटायची, हे त्याला नको होतं. मग रोजचा उशीर आला. मधेच इंजिन बंद पडू नये म्हणून टाकीचं झाकण सैल ठेवून होडी चालवणं आलं, आणि त्या वासात दिवसभर बसणंही आलं. जाळी काढून काठावर यावं, तोवर मासळीचा टेम्पो निघून गेलेला असायचा. लोक त्याला आळशी म्हणू लागले. म्हणेनात का!

त्यानं पुन्हा कॅन कलता केला. या वेळी टाकीनं मोठी ढेकर दिली आणि पेट्रोल उसळून गायत्रीच्या हातावर आलं. तिनं नरसाळं सोडलं, होडीच्या कडेला वाकली आणि भडभडून ओकली.

बब्रुवान घाबरला. "काय झालं गं? ताप हाय का? चल, आधी दवाखान्यात जाऊ."

गायत्रीनं चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. मग त्याच्यापुढं हात पसरला.

"तार द्या."

"कसली तार?"

"खिशातली. रोज खिसा चाचपता अन् माघारी येता. मला दिसत न्हाय व्हय?"

"गायत्रे, राहू दे. आत कुंभारणीचं..."

"ठावं हाय मला. आत्याबाईंनी मलाबी सांगितलंय. तुमी पल्याड गेलात की म्या रोज वाकून बघत व्हते, कुणी मोडू नये म्हनून." तिचे डोळे भरून आले, तरी ती हसत होती. "आता मातीला भोक पडलंय. पिल्लू कवाच उडून गेलं."

धुक्यातून ऊन हळूहळू खाली उतरत होतं आणि तिचा चेहरा उजळत होता. गायत्रीनं पदर नाकाला लावला, दुसरा हात पोटावर ठेवला.

"औंदा टिकलंय वो. फोडा आता ते, अन् टाकी बिगीबिगी भरत जावा. ह्यो वास आमा दोघांलाबी सोसंना."