शेळीला सांग

संजीवनी ओट्यावर येऊन बसली आणि बायकांचं बोलणं थांबलं. नुसती शेवयांच्या मशीनची कुरकुर उरली.

ओटा करिमाचा. ईद जवळ आली की कळंबच्या त्या आळीतल्या बायका तिथं जमायच्या. एकीनं मूठ फिरवायची, दुसरीनं शेवया दोरीवर टाकायच्या, आणि तोंडाला विसावा कुणाच्याच नसायचा. संजीवनीच्या कितीतरी कथा या ओट्यावरून उठून पुस्तकात गेल्या होत्या.

“बसा मॅडम,” छबूबाई म्हणाली. “ऊन लई हाय यंदा.”

मॅडम. दोघी एकाच साली सुना होऊन या आळीत आल्या. छबूबाईनं आजवर तिला ‘संजे’शिवाय हाक मारली नव्हती.

“हळू बोला गं,” करिमा पिठाचा गोळा मशीनमध्ये दाबत म्हणाली. “टाळ्या पडत्याल.”

संजीवनीला कारण ठाऊक होतं. दिवाळीनंतर बारामतीला तिचं व्याख्यान झालं. कथा सुचतात कुठं, असं कुणीतरी विचारलं आणि ती रंगात आली. म्हणाली, “आमची छबूबाई नवऱ्यावर रुसली की त्याच्याशी बोलत नाही, दारातल्या शेळीशी बोलते. ‘सांग गं त्यांना, ताट वाढलंय.’ तिचे कुंडलिकरावही शेळीलाच सांगतात, ‘कालवण आळणी हाय म्हणावं.’” सभागृह खदखदून हसलं. ते सगळं कुणीतरी मोबाईलवर टिपलं आणि ते फिरत फिरत कोऱ्हाळ्याला, छबूबाईच्या लेकीच्या सासरी पोचलं. तिथं आता छबूबाईला शेळीवाली विहीण म्हणतात.

संजीवनीनं एकदा विषय काढून पाहिला होता. छबूबाई भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती भांडली नाही, रुसलीही नाही. “तुमी मोठी माणसं. आमी काय मनावर घ्यायचं, मॅडम,” एवढंच म्हणाली. तलाठ्याशी बोलावं तसं.

ईद झाली. इंदापूरच्या वाचनालयात संजीवनीचा कार्यक्रम होता. गर्दी चांगली जमली. सूत्रसंचालक म्हणाला, “बाई, ती शेळीची गोष्ट होऊन जाऊ द्या. लोक त्याचसाठी आलेत.” पुढच्या रांगेत मोबाईल वर झाले.

संजीवनी घोटभर पाणी प्यायली.

“सांगते. पण एक दुरुस्ती आहे. ती शेळी माझी. नवऱ्याशी अबोला धरायचे तीही मीच. स्वतःचं नाव घ्यायची लाज वाटली, म्हणून शेजारणीचं घेतलं.”

लोक हसले, पण जरा बेतानं. सूत्रसंचालकानं घाईनं पुढचा प्रश्न घेतला. संजीवनीच्या दारात कधी कोंबडीसुद्धा नव्हती, हे कळंबात शेंबडं पोरही सांगेल. पण इंदापूरला कोण विचारतंय? आणि कोऱ्हाळ्याला तर कुणीच नाही. हेही बोलणं टिपलं गेलं आणि आपल्या वाटेनं फिरत गेलं.

दोन-तीन दिवसांनी ती छबूबाईच्या दारावरून चालली होती. छबूबाई शेळीपुढं घास टाकत होती. तिनं वर पाहिलं. ‘या मॅडम’ म्हणेल, असं संजीवनीला वाटलं. छबूबाईनं फटकन मान फिरवली.

संजीवनी खाली बघत पुढं निघाली. तेवढ्यात मागून आवाज आला.

“इचार गं तिला, च्या घेणार का म्हणावं. आन् सांग, दुसऱ्याची शेळी आपली म्हणून सांगती, लाज न्हाय वाटत?”

संजीवनी थबकली. परत फिरली, दारात आली आणि शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

“सांग तिला,” ती शेळीला म्हणाली, “साखर कमी टाक म्हणावं.”