चामड्याचा खेळ

सवरिमुत्तूंनी चाळीस वर्षं तमिळनाडूतल्या दिंडुक्कलमध्ये कातडी कमावली होती. त्यांची मुलगी जेसिंता राजा-राक्षसांचा मोबाइल गेम बनवत होती. त्यातलं चामड्याचं काम खरंखुरं वाटावं म्हणून तिने अप्पांनाच खेळायला बसवलं.

“एका दिवसात कातड्यावरचे केस सुटतात होय गं? आठवडाभर चुन्यात बुडव. आणि कातडं कमवायला तरवडाची साल चिमूटभर काय घालतेस, भाजी करतेयस का?”

जेसिंताने सगळं बदललं.

मग खेळातला कातडीवाला गावच्या प्रमुखाकडे जोडे द्यायला गेला. प्रमुखाच्या बायकोने त्याला घरात बोलावलं, पाटावर बसवलं आणि आपल्या तांब्यातलं पाणी दिलं.

सवरिमुत्तूंनी खेळ थांबवला.

“हे काही खरं वाटत नाही.”

“मग काढून टाकू, अप्पा?”



“नको. एवढं चुकलेलंच राहू दे.”