बरगडीवरची थरथर

पडद्यावर नुसता पांढरा ढग होता. समोरच्या मापकांचे सगळे काटे कागदाने झाकलेले. खरं विमान नव्हे, सरावाची खोली. तरी भाचीने विमान वळवायची काठी घट्ट आवळली होती.

जाकीट घामाने अंगाला चिकटलं होतं. ते मामाने बनवलेलं. विमान ज्या बाजूला कलेल, त्या बाजूच्या बरगडीवर थरथर व्हायची. "ढगात डोळे फसवतात, कान फसवतात," मामा मागे पाहुण्या वैमानिकांना सांगत होता, "कातडी फसवत नाही." तिला सायकल शिकवताना तो मागून असाच खांद्यावर थाप मारायचा. डावी, उजवी.

डावीकडे थरथर. तिने सावरलं. उजवीकडे थरथर. सावरलं.

"वा!" पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणालं.

मग चहा आला आणि थरथर थांबली. विमान सरळ आहे असं समजून तिने काठी तशीच धरली. ढग फाटला, तिरकी जमीन अंगावर आली आणि पडदा काळा झाला.

तिने वळून पाहिलं. मामाच्या एका हातात बशी, दुसऱ्यात कप. मांडीवर दोन बटणांची डबी.

ती जवळ गेली. "मामा, हे तू दाबत होतास?"

"हळू बोल गं बाई! कल ओळखणारा सेन्सर अजून ऐकत नाही. आजची वेळ मारून नेऊ."

"ही माणसं सोमवारी हेच घालून खऱ्या ढगात जाणार आहेत."

"तोवर करतो ना काहीतरी." कप बशीत ठेवून त्याने तिच्या डाव्या खांद्यावर हलकी थाप मारली. "जा, दोन शब्द छान बोल."

अंगावर पाल पडावी तसा तिने खांदा झटकला. डबी उचलून खिशात टाकली. जाकीट काढून दोन बोटांत धरलं आणि सर्वांत वयस्कर वैमानिकापुढे केलं. "काका, तुम्ही घालून बघा."

"अगं, हे तर ओलंचिंब आहे!"

"घाम आहे. धुतला की जाईल."

ते हसत जाकिटात शिरले, खुर्चीत बसले. ढग पुन्हा पसरला. विमान हळूहळू डावीकडे कलू लागलं, आणखी कललं.

"पोरी, कुठे थरथरतंय? मला तर काहीच जाणवत नाही."

ती मामाकडे पाहत राहिली. त्याच्या बशीतला कप किणकिणत होता.