मागच्या मोरीतलं औषध

“ह्यांच्या कानावर घालू नका, डॉक्टर. ते घेणारच न्हाईत,” चंदनबाला म्हणाली.

सांगलीतल्या दवाखान्याच्या दारात डॉ. मिस्बाह तिचं ऐकत उभ्या होत्या. आत तिचा नवरा रायगोंडा पडून होता. नऊ वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली त्याची नडगी मोडली, हाडात जंतू शिरले आणि ठाण मांडून बसले. पाच ऑपरेशनं झाली. आता तर एकही औषध त्या जंतूंना दाद देत नव्हतं. येत्या सोमवारी गुडघ्याखाली पाय काढायचं ठरलं होतं.

मिस्बाहनी शेवटचा एक उपाय सांगितला होता. जंतूंनाही मारणारे विषाणू असतात. ते घाण पाण्यात सापडतात. नेमके ह्या जंतूचे वैरी हुडकायचे, शुद्ध करायचे आणि हाडात सोडायचे. प्रयोग होता, खात्री नव्हती.

आणि रायगोंडा तर कॅप्सूलसुद्धा फोडून नुसती भुकटी घ्यायचा, वरचं आवरण जनावराचं असतं म्हणून. वाटेत मुंग्या दिसल्या की कुबडी उचलून पलीकडे टेकायचा. गटारातले जीव धरून दुसऱ्या जिवांवर सोडायचे म्हटल्यावर ह्या गृहस्थानं पाय दिला असता, पण होकार दिला नसता. जैन धर्म चंदनबालालाही प्यारा होता. पण नवऱ्याचा पाय जास्त प्यारा होता, आणि त्याची तिला काडीचीही लाज वाटत नव्हती.

“सही त्यांचीच लागेल, काकी. लपवून मी काही करणार नाही.”

“मीच सांगते की. माज्या पद्धतीनं.”

आत जाऊन तिनं सांगितलं, “आवं, नवं औषध हाय. पुण्यास्नं येतंय. सही करा.”

“बरं,” रायगोंडा डोळे मिटूनच म्हणाला.

मग मिस्बाह त्याच्याशी एकट्याशी बोलल्या. तसा नियमच होता. चंदनबाला बाहेर णमोकार म्हणत बसली. आता आतून आरडाओरडा येणार, अशी तिची खात्री होती. तो आला नाही. डॉक्टर ओठ घट्ट मिटून बाहेर आल्या.

“झाली सही.”

“काय म्हनाले?”

“ते त्यांचं माझ्यापाशी राहू दे. तुम्ही दारात बोललात ते ठेवलंय तसं.”

बाईंनी सगळं इंग्रजीत गुंडाळून सांगितलं असणार, असं चंदनबालानं धरून टाकलं.

सोमवारचं ऑपरेशन पुढं ढकललं. अकरा ठिकाणचं पाणी तपासून झालं. एकही लागू पडेना. “जंतू जिथं राहतो, तिथंच त्याचा वैरी सापडायची शक्यता जास्त,” मिस्बाह म्हणाल्या. चंदनबालाला एकदम आपल्या घरची मागची मोरी आठवली. नऊ वर्षं ती जखम धुतलेलं पाणी तिथंच ओतत होती. घरी भाकरीचं पीठ बघून येते, असं नवऱ्याला सांगून तिनं एसटी धरली. मोरीच्या चरातलं काळं पाणी भरताना अंगावर शहारे आले, पण बाटली तिनं काठोकाठ भरली.

बारावी बाटली लागू पडली!

नऊ दिवस बारीक नळीतून औषध हाडात जात राहिलं, जोडीला नेहमीची इंजेक्शनं. ताप चढला, उतरला. तिसऱ्या आठवड्यात पू थांबला. चौथ्या महिन्यात जखम मिटली. वर्षभर प्रत्येक तपासणी स्वच्छ आली.

शेवटच्या तपासणीला रायगोंडा कुबडी घरीच टाकून आला. दवाखान्याचा जिना तो एका दमात चढला आणि वरून ओरडला, “आगं, ये की बिगीबिगी! आता तूच मागं पडाय लागलीस!”

नर्सनी टाळ्या वाजवल्या. चंदनबाला जिन्यातच उभी राहून रडली, आणि कोण बघतंय ह्याची तिनं पर्वा केली नाही.

निघताना मिस्बाहनी फाइल तिच्या हाती दिली. “सगळी घेऊन जा, काकी. काकांना विचारलंय. आता देऊन टाका म्हणाले.”

रायगोंडा ताडताड पावलं टाकत स्टँडकडे निघाला होता. चालता चालता तिनं फाइल उघडली. सहीच्या कागदावर, सहीच्या वर, त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

“औषध गटारातल्या विषाणूंचे आहे, ते समजले. मला मान्य आहे. फक्त माझ्या पत्नीस कळू देऊ नये. ती धर्माला फार कडक आहे, घेऊ द्यायची नाही.”