अकरा किलोची मोटर

उडत्या वसाहतीत माणूस आणि सामान मिळून सत्तर किलोच आणता येतं. मालनबाईंनी तीन महिने एकवेळ जेवून वजन उतरवलं आणि लेकाकडे राहायला येताना घरघंटीची अकरा किलोची मोटर आणली. इथल्या विजेवर लावल्यावर ती नुसती शिटीसारखी वाजली, फिरली नाही.

दिग्विजय वैतागला. "आई, इथली वीज सेकंदाला चारशे वेळा हेलकावते, म्हणून आमच्या मोटरी मुठीएवढ्या असतात. ही जमिनीवरच्या पन्नासची आहे. विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतास."

आईच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकलेल्या त्याला दिसल्या. "ही खाली पाठवतो. तेवढं वजन आता तुझ्या अंगावर चढू दे. जेव आधी."

"विकतच्या पिठाची भाकरी?" मालनबाईंनी ताट बाजूला सरकवलं. "लहान जातं अकरा किलोत बसेल ना रे? त्याला वीज लागत नाही."