दोन बरण्यांवर तुळस

"सूनबाई, यांतली माझी बरणी कोणती?" वृद्ध शास्त्रीबुवांनी संशयाने विचारले.

मेजावरच्या दोन्ही बरण्यांत तांबड्या रसात संत्र्याच्या चकत्या तरंगत होत्या. स्वतःच्या बढतीच्या मेजवानीसाठी सुनेने घरीच सांग्रिया केली होती. पाहुण्यांसाठी द्राक्षाच्या मद्यात फळे भिजवली होती. सासऱ्यांसाठी मात्र डाळिंबाच्या रसात.

"तुळशीचं पान ठेवलंय ती तुमची, अण्णा."

पान दोन्हींवर होते.

"शोभेसाठी दुसरीवर मीच ठेवलं," मुलगा ओशाळून म्हणाला.

"शास्त्र्याचा पुत्र, आणि मद्यावर तुळस! धन्य!"

शास्त्रीबुवांनी दोन्ही बरण्या हुंगल्या. दालचिनीखेरीज काहीच कळेना. ऐंशी वर्षे पाळलेले व्रत आज मोडायचे काय? की या दोघांनी मुद्दामच हा घोटाळा केला?

सुनेने त्यांच्या चांदीच्या भांड्यात एका बरणीतला रस ओतला आणि स्वतः घोट घेतला.

"डाळिंबच आहे, अण्णा. पण भांडं उष्टं झालं. थांबा, धुऊन पुन्हा भरते."

जन्मात कुणाचे उष्टे न घेतलेल्या शास्त्रीबुवांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले.

"राहू दे," ते म्हणाले, आणि सर्वांदेखत त्यांनी तेच भांडे ओठांना लावले.