एकेचाळीस पायऱ्या

केतकीचा हात किल्ल्याच्या पायथ्याशी तीनदा गोल फिरला आणि तिन्ही वेळा रिकामा परत आला.

"रुचिताताई, पायऱ्या कुठायत?"

"समोरच आहेत की. हे बघ." रुचिताने तिचं बोट धरून पायरीवर ठेवलं. रुंद, गुळगुळीत, फुटपट्टी लावून कापलेली पायरी. वर ताजा गेरू.

केतकीने चटका बसल्यासारखं बोट उचललं. "ही माझी नाहीये."

दिल्लीतल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या अंगणात अंध शाळेतल्या पाच मुलांनी चार दिवस खपून हा दिवाळीचा किल्ला केला होता. विटा, गोणपाट, माती. पायऱ्या नऊ वर्षांच्या केतकीच्या. एकेचाळीस. प्रत्येक पायरी तिच्या बोटाच्या एका पेराएवढी. मागच्या बाजूने वळत वळत जाणाऱ्या, एका भोकातून आत शिरणाऱ्या आणि तिथून थेट माथ्यावर निघणाऱ्या. हाताने चढायची वाट. आज तिचे पप्पा, हवालदार उदयसिंह, छावणीतून दोन तासांची परवानगी काढून येणार होते. संध्याकाळच्या गाडीने त्यांची पलटण आसामला निघत होती. त्याआधी तिला त्यांचा हात धरून त्यांना माथ्यावर न्यायचं होतं. बस, एवढंच.

आणि आज सकाळी आठला, मुलं यायच्या आधी, मंडळातल्या, अकरावीत शिकणाऱ्या रुचिताने किल्ला "जरा नीट" केला होता. वाकड्या पायऱ्या खरवडल्या. समोरून सरळ जिना काढला. ते उंदराच्या बिळासारखं भोक लिंपून टाकलं. हिरवा भुसा पेरला, फोटो काढला, टाकला. एकशे बारा लाइक. आपण आयुष्यात इतकं भारी काम कधी केलं नव्हतं, असं तिला पावणेबारापर्यंत वाटत होतं.

"हा दुसऱ्या कुणाचा तरी किल्ला आहे, यार," चैतन्य म्हणाला. तोही त्या पाचांतलाच. "आपला तिकडे असेल. मी शोधतो." आणि तो खरंच भिंतीला हात लावत अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडे निघाला.

रुचिताला त्याला थांबवता आलं नाही.

"किती वाजले?" केतकीने विचारलं.

"बाराला दहा."

"पप्पा बाराला येणार. मिलिटरीवाले उशीर करत नाहीत."

"ऐक ना, केतू. नवा जिना शिकून घे पटकन. पंधराच पायऱ्या आहेत. एकदम सोप्या."

"सोप्या कुणी मागितल्या?"

रुचिता किल्ल्याच्या मागे गेली, गुडघ्यांवर बसली आणि नखांनी लिंपण उकरायला लागली. भोक इथेच होतं. की जरा वर? सकाळी नीट बघितलंच नव्हतं. ओल्या मातीचे गोळे हातात येत होते, खाली गोणपाट लागत होतं, आणि पायऱ्या कुठेच नव्हत्या. असणार कशा? लिंपायच्या आधी तिनेच त्या खरवडून बादलीत टाकल्या होत्या. बादली झाडूवालीने कधीच उचलून नेली होती. तिने एक पायरी करून बघितली. घसरली. दुसरी केली. तीही घसरली.

"अगं रुचिता, काय चाललंय?" किल्ला स्पर्धेच्या बक्षिसांचं टेबल मांडता मांडता साधनामावशी ओरडल्या. "परीक्षक येतायत. हा किल्ला पहिला येणारे बरं का, आता बिल्कुल हात नको लावूस."

केतकी आवाजाच्या रोखाने मागे आली. रुचिताच्या शेजारी उकिडवी बसली. तिचा हात रुचिताच्या हातावरून, नखांतल्या मातीवरून, उकरलेल्या खड्ड्यापर्यंत गेला.

"खूप वाकड्या होत्या गं त्या," रुचिता म्हणाली. "म्हणजे, दिसायला..."

"तुला दिसत होत्या ना, ताई?" केतकीचा आवाज अगदी साधा होता. "मग कशाला काढल्यास?"

फाटकाशी बूट वाजले. बाराला एक मिनिट कमी होतं.

"आयला, नाद खुळा," उदयसिंह लांबूनच म्हणाले. जवळ येऊन त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि खिशातून मोबाइल काढला. "कसला किल्ला केलाय गं माझ्या वाघिणीनं. हिकडं बघ, हास जरा. आईला फोटो पाठवू."

"फोटो नका काढू, पप्पा. हा आमचा नाहीये."

"आं? मग तुमचा कुठाय?"

रुचिता उभी राहिली. आता सांगायला हवं, हे तिला कळत होतं.

केतकीने फ्रॉकला हात पुसले. चाचपत पप्पांचा हात शोधला, त्यांची तर्जनी मुठीत धरली आणि त्यांना किल्ल्याच्या मागे नेऊन खाली बसवलं.

"डोळे मिटा."

त्यांनी मिटले.

खड्ड्याच्या वर, मातीला न टेकवता, तिने ते जाड बोट हवेत जरासं उचललं. "एक." अजून एक पेर वर. "दोन. तीन." बोट हवेत चढत राहिलं. "बारा. इथे भोकातून आत वळायचं हं, पप्पा, डोकं सांभाळा."

"सांभाळलं," उदयसिंह म्हणाले आणि त्यांनी खरंच मान वाकवली.

"पंधरा. सोळा. सतरा."

सतराला तिचा हात थांबला. अठरावी शोधत पुढे सरकला, मागे आला, खाली गेला, पुन्हा वर गेला. आजूबाजूला कुठेच काही लागेना.

"थांबा हं, पप्पा," ती म्हणाली.

उदयसिंह डोळे मिटून थांबले.